तुमच्या जागेत पऱ्या आहे

कार्तिक वद्य द्वादशी, रविवार. सकाळची न्याहारी आटोपून.

हजर: आबा, म्हणजे माझे चुलत सासरे, वाडीतले सर्वांत जुने, हातात काठी, कामाला तोंड. माझे यजमान, मिरजोळ्याच्या एका कारखान्यात नोकरीला, रविवार म्हणून घरी. धाकटे दीर, स्वतःचा जेसीबी चालवतात, त्यामुळे फावडं धरायला लाजतात. वरच्या घरचे दोघे भाऊ, देवदिवाळीला म्हणून मुंबईहून जरा आधीच आलेले; त्यांतला थोरला कमरेला पट्टा बांधून. खालच्या घरची काकी, सर्वांच्या आधी येऊन बसलेली. आणि मी, यादीसकट.

गैरहजर: ज्यांच्या घरांना कुलपं आहेत ते. त्यांची नावं मी आता पुकारत नाही. उगाच घसा कोरडा पडतो.

काम: बांध घालणे, पाट सोडणे.

असं आधी मांडून ठेवायची मला सवय आहे. यजमान म्हणतात, "हिला न्यायला यम आला तरी ही त्याला बसवून आधी सामानाची यादी करील." करीन की. मागे राहणाऱ्यांनी शोधत बसायचं का?

आमची वाडी डोंगराच्या पायथ्याशी आहे. डोंगरातून उतरणाऱ्या ओढ्याला आम्ही पऱ्या म्हणतो. आमचे पऱ्ये दोन. थोरल्याला उन्हाळा लागेपर्यंत पाणी असतं. धाकटा दिवाळीलाच आटतो. भात घरात आलं की थोरल्या पऱ्यावर बांध घालायचा, अडलेलं पाणी पाटाने डोंगराच्या कडेकडेने आणायचं आणि धाकट्या पऱ्याच्या कोरड्या पात्रात सोडायचं. तिथून ते आपल्या पायांनी खालच्या मळ्यांत उतरतं. पुढच्या पावसात बांध वाहून जातो, धाकट्या पऱ्याला त्याचं स्वतःचं पाणी येतं आणि पाटाची कोणाला आठवणही राहत नाही. दिवाळीनंतर पुन्हा पहिल्यापासून.

या कामाला चुलीमागे एक माणूस द्यायचा असा वाडीचा नियम. घरामागे नाही, चुलीमागे. एका छपराखाली दोन भाऊ वेगळे झाले तर चुली दोन, माणसं दोन. चूल पेटत नसेल तर माणूस माफ. हा हिशेब पूर्वी माझ्या सासऱ्यांच्या डोक्यात असायचा. त्यांच्यामागे तो माझ्याकडे आला, कारण वाडीत पेन नेहमी माझ्याकडेच सापडतं.

यंदा सगळ्यांचं लक्ष होतं ते काकीकडे. तिचा मळा पाटाच्या अगदी शेपटाला आहे. लाल माठ, मुळा, वाल, थोडी वांगी. पहाटे भाजी काढायची, पहिल्या एसटीने रत्नागिरीला जायचं, विकून दुपारी परत. नवरा गेल्यापासून तिचं सगळं याच्यावर चाललं आहे. पण गेली काही वर्षं शेपटापर्यंत पाणी जेमतेम पोचत होतं. वर पाट कोणी नीट काढत नव्हतं, मधे झिरपत होतं, आणि खेकड्यांनी केलेली भोकं बुजवायला माणसं नव्हती. तिचा मुलगा मुंबईत असतो, चांगला आहे. गणपतीला आला तेव्हा म्हणाला, आई, आता पुरे, माझ्याकडे चल. मळ्याला गिऱ्हाईकही आहे, प्लॉट मागतायत. काकीने त्याला ना हो म्हटलं, ना नाही. माझ्यापाशी मात्र बोलली.

"यंदा पानी माझ्या मळ्यात वेळेत पोचला तर वाफे घालीन. नाय पोचला तर मुंबयला जाईन. गिऱ्हाइकाला हो सांग म्हणीन."

"काकी, असं पाण्यावर टाकून कसं चालेल?"

"मग कशावर टाकू गो? माझ्या गुडघ्यावर? ते तर कधीच नाय म्हणतात."

तिच्या घरी जाऊन पाहिलं तर तिने दोन्हीची तयारी ठेवली होती. कोनाड्यात बियाण्याच्या पुरचुंड्या आणि खुंटीला कपड्यांची भरलेली पिशवी.

काकीवर माझा जीव आहे ते एक झालं. पण मला वेगळाही हिशेब दिसत होता. तिचा मळा गेला की पाटाला शेवट उरत नाही, आणि शेवट नसलेला पाट कोणी काढत नाही. पाट बंद झाला की त्याच्या ओलीवर टिकणाऱ्या खालच्या विहिरी चैत्रात तळ दाखवणार. त्या विहिरींवर आमचं घर आहे.

मी लग्न होऊन आले तेव्हा समोरच्या उतारावर नाचणी आणि वरी होती, खाली भात, भातामागून कुळीथ आणि पावटा. प्रत्येक दारात गुरं. मग उतारावर काजू आला. त्याबद्दल मी रडगाणं गाणार नाही. आमच्या घरावर स्लॅब आला तो काजूच्या पैशातूनच, आणि आमचा महिलांचा बचत गट काजूगर, आमसुलं आणि फणसपोळ्यांवरच उभा आहे. पण एक गोष्ट जाते तेव्हा एकटी जात नाही. नाचणी गेली तशी ती राखायला उतारावर बसणारी माणसं गेली, आणि वानरं, डुकरं थेट परसात यायला लागली. काजूखाली गवत राहीना, म्हणून गुरं विकली. गुरं गेली तसं शेण गेलं. आता शेणखत पिशवीतून विकत येतं आणि आम्ही त्याला "सेंद्रिय" म्हणतो. मग मधली भातखाचरं पडीक पडली, त्यांत रान माजलं, आणि रान माजलेल्या जागेचा प्लॉट व्हायला फारसा वेळ लागत नाही. प्लॉट पाडायला जेसीबी लागतो. दिरांनी बैल विकून जेसीबी घेतला तो त्यामुळेच. त्यांचं बरं चाललंय. वाईट असं काही मला यात बोट दाखवून सांगता येत नाही. फक्त बांध घालायच्या दिवशी हजेरी घेतली की कळतं.

तर त्या रविवारी आम्ही थोरल्या पऱ्यावर जमलो.

पूर्वी बांधाला दगड, ओला पाला आणि चिखल लागायचा, आणि तुडवायला तरणी पोरं. आता आम्ही सिमेंटच्या रिकाम्या पिशव्यांत माती भरून त्या रचतो. पिशव्या आयत्या मिळतात, कारण खाली धाकट्या पऱ्याच्या कडेला गेल्या वर्षी जागा घेतलेल्या सोलापूरकडच्या एका जोडप्याचा बंगला झाला. वाडी त्यांना बंगलेवाले म्हणते. त्यांच्या ठेकेदाराला मी आधीच सांगून ठेवलं होतं, रिकामी पिशवी एकही फेकायची नाही. त्याने इमानाने गठ्ठे बांधून ठेवले होते.

आबा काठीने पिशवी टोचून म्हणाले, "बरा हाय. जागा त्यांना, गोणी आमाला."

वरच्या घरचा थोरला कमरेवर हात ठेवून म्हणाला, "मी नुसती पिशव्यांची तोंडं बांधतो. डॉक्टरांनी वाकायला बंदी केलीय."

"भाऊ, पट्टा कमरेला बांधलात ना?" दीर म्हणाले. "मग वाईच वर सरकवा. तोंड मोकळा राहिलाय."

"तू आधी मशीनमधून उतर. जमिनीवर पाय टेकायची सवय राहिली नाय तुला."

"मशीन इथं आणलं असतं तर घटकेत बांध झाला असता."

"आणि घटकेत पऱ्या पण गेला असता," आबा म्हणाले. "गप माती भर."

असं चाललं होतं. काकीचं सगळं लक्ष बांधावर होतं. पिशव्यांच्या फटींत चिखल थापत होती, एकेक फट, कसं कोण जाणे पण कोणाच्याही आधी तिला दिसत होती. यजमान आणि वरचा धाकटा भाऊ पाटातले खेकड्यांचे खड्डे भरत वळणाच्या अलीकडपर्यंत जाऊन आले. उन्हं डोक्यावर आली तेव्हा बांध उभा राहिला आणि त्याच्यामागे पाणी चढायला लागलं. आबांनी नारळ ठेवला, वाडीच्या देवाला हाक घातली, "आमच्या हातून चुकला असंल तर सांभाळ, नि पानी शेवटाला ने," आणि फोडला. खोबरं वाटलं. मग पाटाचं तोंड मोकळं केलं.

पाटाच्या पहिल्या पाण्याबरोबर चालायची आमच्याकडे पद्धत आहे. पाणी फार सावकाश येतं. पुढे फेस, फेसावर सुकी पानं, काड्या, जीव घेऊन पळणारे मुंगळे. कुठे भोकात शिरतं, गुळगुळ आवाज करतं, तिथे थांबायचं, चिखल कोंबायचा, पुढे. माणूस पाण्याच्या चालीने चालतं. मला एरवी कोणाच्याच चालीने चालायला जमत नाही, पण यात मजा येते. काकी सर्वांच्या पुढे होती, पाण्याच्याही पुढे, पाटातली पानं पायाने बाजूला सारत.

डोंगराची कड संपली, वळण आलं, आणि तिथे काकी थांबली.

धाकट्या पऱ्याचं पात्र जिथे सुरू व्हायला हवं तिथे जांभ्या चिऱ्यांच्या कुंपणाचा नवा कोरा गडगा होता. आम्ही टाचा उंचावून पलीकडे पाहिलं. पात्र नव्हतंच. तांबडी माती, चोपून सपाट केलेली, तीवर शेवंतीच्या रोपांच्या रांगा आणि आंब्याची दोन कलमं. दिवाळीनंतर तिकडे डंपर येत होते हे सगळ्यांनी पाहिलं होतं. बंगल्याचं काम चाललंय, माती लागतच असेल, असं समजून कोणी वळून पाहिलं नव्हतं. पाट त्या दिवसांत कोरडा असतो, आणि कोरड्या पाटाकडे कोण जातं?

मागून पाणी आलं, गडग्याला टेकलं आणि आडवं पसरायला लागलं.

"मला बोलावलान असतान भरावाला तर मी तेव्हाच सांगितला असता," दीर म्हणाले. "ठेकेदारानं बाहेरचा मशीन आणलान."

काकी एका चिऱ्यावर बसली. "पिशवी भरलेलीच हाय," एवढंच म्हणाली.

मी यादीची घडी घातली आणि म्हटलं, चला, फाटकाशी. आबा म्हणाले, भांडायला नको, माणूस बरा हाय. मी म्हटलं, भांडायला नाही, विचारायला. पण खरं सांगायचं तर फावडी घेऊन, गुडघाभर चिखलाने माखलेले सातजण फाटकाशी उभे राहिले की ते विचारायला आल्यासारखे दिसत नाहीत.

बंगलेवाले बाहेर आले, मागोमाग त्यांची बायको, हाताला पीठ. सोलापूरकडे त्यांचं लोखंडी सामानाचं दुकान होतं. आता मुलाच्या हवाली करून हे दोघं समुद्राच्या वाऱ्याला म्हणून यंदा पाऊस सरल्यावर इकडे राहायला आलेले. आमची आणि त्यांची नमस्कार-चमत्कारापलीकडे ओळख नव्हती.

"या की, या," ते म्हणाले. "समदीच आलाय जणू. काय झालं?"

"तुमच्या भरावाखाली आमचा पऱ्या गेला," मी म्हटलं.

दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. बाई घाबऱ्या आवाजात म्हणाल्या, "आवं, पण त्याची तर आपण शांती केली की!"

"कशाची शांती?"

"पऱ्यांची."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "पऱ्याची शांती?"

"व्हय," बंगलेवाले म्हणाले, आणि आबांकडे हात केला. "ह्यांनीच सांगितलं न्हवं का, आमी जागा बघायला आलो तवा. म्हणले, तुमच्या जागेत पऱ्या हाय. आत्ता दिसायच्या नाहीत. पावसात उठतात. बुजवायला जाऊ नका, न्हाईतर घरात शिरतील."

"शिरंल म्हणालो मी!" आबा म्हणाले. "शिरंल! एकटाच हाय तो!"

"आमाला काय ठावं एकटाय का दुकटाय! साडूनं आधीच सांगून ठिवलं हुतं, कोकणात जागा घेतुयास, पण नीट बघून घे, तिकडं हरेक झाडावर काय ना काय असतंय. हिचा तर जीव उडाला. मग शहरातनं गुरुजी आणलं. त्यांनी इचारलं, शांती कशाची? आमी म्हणलं, पऱ्यांची. ते म्हणले, करून टाकू. झाल्यावर त्यांनाच इचारलं, आता जागा बुजवली तर चालंल? म्हणले, आता कसली अडचण न्हाई."

आता आम्ही एकमेकांकडे पाहायला लागलो, कारण ती पूजा आम्हालाही आठवत होती. धाकट्या पऱ्याच्या काठावर केळीचे खांब, समई, दहीभाताचं पान. नवीन मालकाने पऱ्याला मान दिला म्हणून वाडीला किती बरं वाटलं होतं! आबा तेव्हा घरोघर सांगत फिरले होते, "पऱ्याची पूजा केलान. देशावरचा असून केलान. असा माणूस वाडीत हवा." प्रसादाला आम्ही सगळे गेलो होतो. दिरांनी शिरा मागून घेऊन खाल्ला होता.

"म्हणजे," बाई सावकाश म्हणाल्या, "पऱ्या म्हंजे पऱ्या न्हवं?"

"पऱ्या म्हणजे ओढा," मी म्हटलं.

"वढा?"

"ओढा."

"आवं, मग वढा म्हणा की!" बंगलेवाल्यांनी कपाळावर हात मारला.

"पऱ्याला वडा कशाला म्हणू?" आबा रागावून म्हणाले. "खायचाय काय तो?"

पहिल्यांदा हसल्या त्या बाई. पिठाचा हात तोंडावर ठेवून, पीठ गालाला लागेपर्यंत. मग दीर, मग पट्टेवाला थोरला, कमर धरून. मीही हसले. आबा तेवढे शेवटपर्यंत गंभीर होते. आपण मराठीत स्पष्ट सांगितलं होतं यावर ते अजूनही ठाम आहेत.

हसणं ओसरल्यावर बंगलेवाले म्हणाले, "पण वढा तर कोरडाच हुता की आता. मग पाणी कशाचं अडलं?"

"पाटाचं. खाली मळे आहेत, त्यांना जातं. पाळीने."

त्यांचा चेहरा एकदम बदलला. "पाट? पाळीचं पाणी?" ते म्हणाले. "मी पाट अडवला?" आणि बायकोकडे वळून, "ऐकलंस का, पाट हाय हा!" मग आम्हाला सांगायला लागले, त्यांच्या गावाकडे पाटाच्या पाळीपायी सोयरिकी मोडल्या आहेत, सख्खे भाऊ कोर्टात उभे राहिले आहेत, आणि दुसऱ्याचा पाट अडवणाऱ्याच्या घरचं पाणी त्यांचे वडील पीत नसत. "लोक काय म्हणतील," हे ते दोनदा म्हणाले. कुठले लोक ते मला कळलं नाही, बहुधा सोलापूरचे. पऱ्याशी त्यांची ओळख नव्हती, पण पाट त्यांना आमच्याइतकाच कळत होता.

ते आत गेले आणि फावडं घेऊन आले.

पुढचं काम ओळीने सांगते, कारण ते ओळीने झालं नाही. बाई म्हणाल्या, माझ्या शेवंतीवरून पाणी नेऊ नका, कालच लावलीय. आबा म्हणाले, पऱ्याची वाट जिथं हाय तिथनंच पानी जाणार, शेवंतीला सांगा सरायला. मी मधे पडले. आजचं पाणी आज नेऊ, पऱ्याचं नंतर बघू. गडग्याच्या तळाचे चिरे दीर आणि यजमान यांनी पहारीने काढले. मग भरावाच्या कडेकडेने, गडग्याला चिकटून चर खणायला घेतला. बंगलेवाले खणत होते ते दुकानदारासारखे नाही, शेतकऱ्याच्या मुलासारखे, माती बरोबर उताराच्या अंगाला टाकत. अडलं ते शेवटी, फाटकाशी. तिथे गाडीसाठी नवीन काँक्रीट ओतलेलं, आणि ते फोडायला त्यांच्या जिवावर आलं. आबांनी वरच्या घरच्या धाकट्याला आपल्या घरी पिटाळलं आणि माळ्यावरची पन्हळ आणवली. पन्हळ म्हणजे पोफळीचं खोड मधोमध चिरून कोरलेलं. तिच्यातून पूर्वी आमच्या सुपारीच्या बागेला पाणी जायचं. बाग गेली तरी आबांनी पन्हळ ठेवली होती. ती काँक्रीटवर आडवी टाकली, दोन्ही टोकांना पिशव्यांचा टेकू दिला.

"आता गाडी बाहेर कशी काढायची?" बाईंनी विचारलं.

"कुठं जायचंय आपल्याला?" बंगलेवाले म्हणाले. "समुद्र बघायला आलो हुतो, बघून झाला."

पन्हळीतून पाणी पलीकडे पडलं तेव्हा सांज झाली होती. तिथून पुढे पऱ्याचं जुनं पात्र शाबूत होतं. पाणी ओळखीच्या दगडांतून धावतच निघालं, आणि काकी त्याच्या मागे. त्याच्या पुढे चालायचं आता तिच्या गुडघ्यांना जमण्यासारखं नव्हतं.

आम्ही पोचलो तेव्हा ती मळ्यात उभी होती. पाणी घोट्यापर्यंत आलं होतं आणि वाफ्याच्या फुटक्या तोंडातून बाहेर निसटत होतं. तोंड दुरुस्त करायला यंदा तिने हात लावला नव्हता. ती घरात गेली. खुंटीवरची भरलेली पिशवी घेऊन आली, तिची गाठ सोडली, आतलं जुनं लुगडं काढलं आणि त्याचा बोळा करून फुटक्या तोंडात कोंबला. वर पायाने माती दाबली. पाणी थांबलं आणि वाफ्यात चढायला लागलं.

"बघत काय राहिल्यात?" आम्हाला म्हणाली. "चाय ठेवते. दूध नाय, काळी प्यावी लागंल."

फाटकाशी पाण्याला खालून जायला मोरी पुढे पंधरवड्यात झाली. बंगलेवाल्यांनी ठेकेदाराला बोलावून काँक्रीट फोडलं, खालून पाइप घातला आणि पन्हळ धुऊन आबांना परत दिली. आबांनी ती पुन्हा माळ्यावर टाकली. काय सांगावं, म्हणाले. आता गाडीही बाहेर निघते, पण रविवारी सकाळी नाही, कारण रविवारी काकीची पाळी असते आणि बंगलेवाले फावडं घेऊन पाटावर असतात. कोणी पाणी फोडतंय का बघायला. वाडीत पाणी फोडणारं कोणी उरलेलं नाही हे त्यांना सांगून झालं. त्यांना पटत नाही.

हजेरीचा प्रश्न मात्र उभा राहिला. चुलीमागे माणूस हा नियम, आणि बंगल्यात गॅस. नियम कोणासाठी वाकवायचा तर तो माझ्या हातून नको, म्हणून मी बाईंना सरळ विचारलं.

"चूल हाय की मागं," त्या म्हणाल्या. "ज्वारीची भाकरी गॅसवर हुती व्हय?"

जाऊन पाहिली. दोन विटांची, धुराने काळी झालेली, पेटती चूल. वाडीच्या यादीत बऱ्याच वर्षांनी एक चूल वाढली.

काकीने त्या आठवड्यातच लाल माठ पेरला. पौषात तिच्या माठाच्या जुड्या पहिल्या एसटीने रत्नागिरीला जायला लागल्या. थोड्या बंगल्यावर जातात, त्याबदल्यात भाकऱ्या येतात. मुलाचा फोन आला तेव्हा मी तिथेच होते. "यंदा नाय रे," ती म्हणाली. "वाफे घातलंय. तूच ये, वाल निवडायला." फोन ठेवून माझ्याकडे बघून म्हणाली, "गिऱ्हाईक काय, पुढल्या सालीपन मिळंल." ते खरं आहे. खालच्या विहिरींना चैत्र लागला तरी पाणी आहे. आमच्या विहिरीत बादली अजून आपटत नाही, बुडते.

एक काम राहिलं आहे.

मोरीचा पाइप पाटाच्या पाण्यापुरता आहे. धाकटा पऱ्या त्याच्यात मावणार नाही. मृगात तो उठेल तेव्हा भरावाला धडकेल, आणि आबा म्हणतात, जुनी वाट मिळाली नाही तर तो डावीकडे वळून थेट काकीच्या वाफ्यांवरून जाईल. बंगलेवाल्यांना हे पटलं आहे. शेवंतीची रोपं बाईंनी कुंड्यांत काढली, कलमं हलवून झाली, पऱ्याची जुनी वाट आबांनी काठीने आखून दिली आणि मी तिच्या दोन्ही अंगांना चुना टाकला. आता फक्त भराव उपसायचा आहे, आणि तो उपसायला दीर हवेत.

"उद्या येतो, वहिनी," ते म्हणतात. होळीपासून म्हणत आहेत. त्यांचा जेसीबी वरच्या सड्यावर, म्हणजे डोंगरमाथ्यावर, दुसऱ्या कोणाचे तरी प्लॉट सपाट करतोय. इथून आवाज ऐकू येतो. काल काकी स्वतः सडा चढून त्यांना सांगून आली. आज सकाळी जाऊन पाहिलं. चुन्याच्या रेघा पुसट व्हायला लागल्या आहेत आणि भराव आहे तिथेच आहे.